पिसू नियंत्रण, घरगुती

कुत्री-मांजरे पाळलेल्या घरात पिसवांचा उपद्रव आटोक्यात आणून त्यांचे पुनरुत्पादन थांबविण्यासाठी योजलेल्या उपायांना घरगुती पिसू नियंत्रण म्हणतात. पिसू ही सायफोनॅप्टेरा गणातील बिनपंखी, दोन्ही बाजूंनी चपटी व रक्तशोषक कीटक असून तिची लांबी १ ते ३ मिमी. असते. मांजरावरील पिसू (टेनोसेफॅलिडीस फेलिस) ही जाती मांजराप्रमाणेच कुत्र्यावरही सर्रास आढळते. प्लेगचा जंतू पसरविणारी उंदरावरील पिसू याहून वेगळ्या जातीची आहे.

जीवनचक्र : अंडी, अळी, कोश व प्रौढ अशा चार अवस्थांतून पिसू जाते. मादी रक्त प्याल्यानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते व दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. गुळगुळीत असल्यामुळे ही अंडी प्राण्याच्या केसांतून घरंगळून त्याच्या झोपण्याच्या जागी, सतरंजीत, गादीच्या शिवणीत आणि फरशीच्या फटींत पडतात. अळ्या उजेड टाळतात व प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील सुकलेल्या रक्तावर वाढतात. हवा कोरडी झाल्यास त्या मरतात, म्हणून दमट हवेत उपद्रव वाढतो. अनुकूल हवामानात हे चक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होत असले, तरी कोशातील पिसू काही महिने निश्चल राहू शकते आणि ऊब, कंप किंवा श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड जाणवताच बाहेर पडते. बंद ठेवलेले घर उघडताच पिसवा अंगावर येतात त्या यामुळेच. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येचा लहानसा भाग असतात, त्यामुळे केवळ प्राण्याला आंघोळ घालून उपद्रव संपत नाही.

निदान व अपाय : बारीक दातांच्या फणीने केस विंचरल्यावर निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले असता त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय. पिसवांच्या लाळेमुळे काही प्राण्यांना तीव्र त्वचादाह होतो, लहान पिल्लांना रक्तक्षय होऊ शकतो, तसेच अंग चाटताना पिसू गिळली गेल्यास डिपिलिडियम जातीच्या पट्टकृमीची बाधा होते.

उपाय : प्राणी व घर या दोहोंवर एकाच वेळी उपचार करणे आवश्यक असते. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांना, खाजवत नसलेल्यांनाही, पशुवैद्याच्या सल्ल्याने फिप्रोनिल, सेलामेक्टिन यांसारखे मानेमागे लावण्याचे किंवा फ्लुरालानरसारखे पोटात देण्याचे औषध वजनानुसार द्यावे लागते. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये, कारण मांजराच्या यकृतात त्याचे विघटन नीट न झाल्याने झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. घरात अंथरुणे ६० से. तापमानाच्या पाण्यात धुणे, कोपरे व फटी व्हॅक्यूम क्लीनरने वारंवार साफ करणे आणि निघालेला केर ताबडतोब बंद पिशवीतून घराबाहेर टाकणे हे मुख्य उपाय होत. यंत्राच्या कंपाने कोशातील पिसवाही बाहेर येऊन औषधाच्या कक्षेत येतात. उपद्रव मोठा असल्यास मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन हे वाढरोधक, म्हणजे अंडी व अळ्यांची वाढ खुंटविणारे, द्रव्य फवारतात. फवारा सुकेपर्यंत मुले व प्राणी दूर ठेवावेत, तर माशांच्या टाक्या झाकून त्यांचा हवेचा पंप बंद ठेवावा.

कोशावस्थेवर कोणतेही कीटकनाशक फारसे प्रभावी नसल्याने उपचारानंतरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. हे औषधाच्या अपयशाचे लक्षण नसून, उरलेले कोश फुटेपर्यंत किमान तीन महिने उपचार अखंड चालू ठेवल्यासच उपद्रवाचे निर्मूलन होते.