१८९६ उन्हाळी ऑलिंपिकमधील मॅरेथॉन

१८९६ उन्हाळी ऑलिंपिकमधील मॅरेथॉन ही आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांतील पहिली मॅरेथॉन शर्यत होय. ती १० एप्रिल १८९६ रोजी (ग्रीसमध्ये त्या काळी प्रचलित असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार २९ मार्च) मॅरेथॉन गावापासून अथेन्समधील पानाथेनाइक स्टेडियमपर्यंत घेण्यात आली. शर्यतीचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. ग्रीसच्या स्पिरिदोन लुईस याने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत हे अंतर कापून विजय मिळवला. एवढ्या अंतराची शर्यत त्यापूर्वी प्रचारात नसल्यामुळे ती कोणत्या गतीने धावावी याविषयी ठरलेले आडाखे नव्हते. वेगवान धावपटूंची वाटेतच झालेली दमछाक आणि संथ सुरुवात करणाऱ्यांचे यश यांमुळे ही शर्यत लांब पल्ल्याच्या धावण्याच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने पर्शियन सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी आख्यायिका आहे. या युद्धाचा सर्वांत जवळच्या काळातील इतिहासकार हिरोडोटस याच्या ग्रंथात मात्र ही कथा आढळत नाही. त्याने वर्णिलेला दूत युद्धापूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे २०० किलोमीटरांहून अधिक अंतर, धावत गेला होता. विजयवार्तेची कथा कित्येक शतकांनंतरच्या प्लुटार्क व लुशियन या लेखकांच्या लेखनात येते आणि त्यांनी दिलेली दूताची नावेही वेगवेगळी आहेत. दोन्ही प्रसंगांची पुढे सरमिसळ होऊन फिडिपिडीस हे नाव रूढ झाले. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या कवितेमुळे ही कथा युरोपात अधिक लोकप्रिय झाली.

ऑलिंपिकमध्ये अशी शर्यत असावी, ही कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची होती. शब्दार्थाच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणाऱ्या अभ्यासकांत त्याची गणना होते. आधुनिक ऑलिंपिकचा प्रवर्तक पिएर द कुबेर्ताँ याला त्याने ही सूचना केली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषक देऊ केला. प्राचीन ऑलिंपिक क्रीडांमध्ये एवढ्या लांबीची शर्यत नव्हती. त्यामुळे मॅरेथॉन ही प्राचीन परंपरेचे पुनरुज्जीवन नसून, एका आख्यायिकेच्या आधारे एकोणिसाव्या शतकात निर्माण झालेली नवी शर्यत आहे.

निवड शर्यती

ग्रीसमध्ये या कल्पनेचे उत्साहाने स्वागत झाले. मार्च १८९६ मध्ये तेथे याच मार्गावर निवड शर्यती घेण्यात आल्या. पहिल्या निवड शर्यतीत हारिलाओस वासिलाकोस याने सुमारे ३ तास १८ मिनिटांत पहिला क्रमांक मिळवला. दुसऱ्या निवड शर्यतीत लुईस पाचवा आला. लुईस हा अथेन्सजवळच्या मारुसी गावचा २३ वर्षांचा तरुण होता. त्याचे वडील अथेन्समध्ये पाणी विकत आणि ते वाहून नेण्याच्या कामात तो त्यांना मदत करी.

या निवड शर्यतींमुळे ग्रीक स्पर्धकांना मार्गातील चढउतारांची आणि अंतराची कल्पना आली. बहुतेक परदेशी स्पर्धकांना असा अनुभव नव्हता.

स्पर्धक

शर्यतीत पाच देशांच्या १७ धावपटूंनी भाग घेतला. त्यांपैकी १३ ग्रीक होते. परदेशी स्पर्धक पुढीलप्रमाणे होते:

• एडविन फ्लॅक (ऑस्ट्रेलिया) – १५०० मीटर शर्यतीचा विजेता. मॅरेथॉनच्या आदल्याच दिवशी त्याने ८०० मीटरची अंतिम शर्यतही जिंकली होती.
• आर्थर ब्लेक (अमेरिका) – १५०० मीटरमध्ये दुसरा.
• अल्बाँ लेर्म्युसियो (फ्रान्स) – १५०० मीटरमध्ये तिसरा. मॅरेथॉनसाठी शक्ती राखून ठेवावी म्हणून त्याने ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत भाग घेतला नाही.
• ग्युला केल्नर (हंगेरी) – परदेशी स्पर्धकांपैकी एवढे अंतर धावण्याचा पूर्वानुभव असलेला एकमेव धावपटू.

इटलीचा कार्लो ऐरोल्दी हा भाग घेण्यासाठी प्रवासाचा मोठा टप्पा पायी चालून अथेन्सला आला होता. परंतु पूर्वी शर्यतींत रोख बक्षिसे घेतल्याच्या कारणावरून त्याला व्यावसायिक ठरवून प्रवेश नाकारण्यात आला.

शर्यत

दुपारी मॅरेथॉनच्या पुलावरून शर्यत सुरू झाली. लेर्म्युसियोने प्रारंभापासूनच वेग घेतला आणि इतरांना बरेच मागे टाकले. त्याच्यामागे फ्लॅक व ब्लेक होते. १५०० मीटरमधील पहिले तीन धावपटूच अशा रीतीने आघाडीवर होते. बहुतेक ग्रीक धावपटू मागे राहून सावकाश धावत होते. वाटेत पिकेर्मी या गावी लुईसने थोडी वाइन घेतली आणि पुढच्या सर्वांना आपण गाठू, असे तो म्हणाला, अशी कथा सांगितली जाते.

सुमारे २३ किलोमीटरनंतर ब्लेकने शर्यत सोडली. सुमारे ३२ किलोमीटरवर लेर्म्युसियोही थांबला आणि फ्लॅक आघाडीवर आला. लुईस हळूहळू अंतर कमी करीत होता. त्याने फ्लॅकला गाठून मागे टाकले. आणखी काही किलोमीटर धावल्यावर फ्लॅक कोसळला. मदतीसाठी पुढे आलेल्या एका प्रेक्षकाला भ्रमिष्ट अवस्थेत त्याने ठोसा मारला, असे सांगितले जाते.

स्टेडियममध्ये प्रथम फ्लॅक आघाडीवर असल्याची बातमी आल्याने निराशा पसरली होती. ॲथलेटिक्समधील एकाही प्रकारात तोपर्यंत ग्रीसला विजेतेपद मिळालेले नव्हते. ग्रीक धावपटू पुढे असल्याची वार्ता घोडेस्वाराने आणताच प्रेक्षकांत जल्लोष झाला. लुईस स्टेडियममध्ये शिरला तेव्हा युवराज कॉन्स्टंटाइन व राजपुत्र जॉर्ज हे त्याच्याबरोबर अखेरच्या टप्प्यात धावले.

निकाल

१. स्पिरिदोन लुईस (ग्रीस) – २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद
२. हारिलाओस वासिलाकोस (ग्रीस) – ३ तास ६ मिनिटे ३ सेकंद
३. ग्युला केल्नर (हंगेरी) – ३ तास ६ मिनिटे ३५ सेकंद

तिसऱ्या क्रमांकाने आलेल्या स्पिरिदोन बेलोकास या ग्रीक धावपटूने काही अंतर गाडीतून कापल्याची तक्रार केल्नरने केली. ती खरी ठरल्याने बेलोकासला बाद करण्यात आले. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत केल्नर हा एकटाच परदेशी होता.

स्तामाता रेविथी

या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना स्पर्धक म्हणून प्रवेश नव्हता. स्तामाता रेविथी या गरीब ग्रीक स्त्रीने मॅरेथॉनमध्ये धावण्याची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिल रोजी, ती एकटीच त्याच मार्गाने धावली आणि सुमारे साडेपाच तासांत तिने अंतर पूर्ण केले. निघण्याच्या वेळेची लेखी नोंद तिने मॅरेथॉन गावातील प्रतिष्ठितांकडून करून घेतली होती. तिला स्टेडियममध्ये प्रवेश मिळाला नाही. स्त्रियांच्या मॅरेथॉनचा ऑलिंपिकमध्ये समावेश त्यानंतर ८८ वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत झाला. ती शर्यत अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिने जिंकली.

गती आणि दमसास

लुईसची सरासरी गती किलोमीटरला सुमारे साडेचार मिनिटे होती. आघाडीवर धावलेले तिन्ही परदेशी धावपटू कमी अंतरात त्याच्याहून सरस होते, तरी त्यांपैकी एकही शर्यत पूर्ण करू शकला नाही. फ्लॅकच्या बाबतीत आदल्या दिवसांच्या शर्यतींचा थकवाही विचारात घ्यावा लागतो.

या घटनेचा उलगडा आजच्या शरीरशास्त्राच्या आधारे होऊ शकतो. वेगाने धावताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन हे इंधन वापरतात. स्नायूंत व यकृतात त्याचा साठा मर्यादित असतो. गती जितकी अधिक, तितका तो लवकर संपतो. बहुतेकांच्या बाबतीत हा साठा ३० किलोमीटरांच्या आसपास संपत येतो. त्यानंतर शरीराला चरबीवर अधिक अवलंबून राहावे लागते आणि तिच्यापासून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असल्याने पाय अचानक जड होतात. धावपटूंच्या बोलीत या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. प्रथमच पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांनी कित्येक महिने टप्प्याटप्प्याने लांब अंतराचा सराव करावा, सुरुवातीचे किलोमीटर जाणीवपूर्वक संथ ठेवावेत आणि वाटेत कर्बोदके व पाणी घ्यावे, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. तहानेपेक्षा फार अधिक पाणी पिणे मात्र घातक ठरू शकते, कारण त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते.

नंतरचा काळ

अथेन्सची शर्यत पाहून परतलेल्या अमेरिकनांच्या प्रेरणेने १८९७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन सुरू झाली. मॅरेथॉनचे आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मार्गावरून आले असून ते १९२१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले.

ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारताचा प्रवेश १९२० च्या अँटवर्प स्पर्धेत झाला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारातून गेलेल्या भारतीय पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनपटू होते. तेथील मार्ग प्रमाण अंतरापेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. चौगुले यांनी तो सुमारे २ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

लुईस या विजयानंतर पुन्हा कोणत्याही शर्यतीत धावला नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला तो सन्माननीय पाहुणा म्हणून उपस्थित होता. १९४० मध्ये त्याचे निधन झाले. अथेन्समधील मुख्य ऑलिंपिक स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यतीही मॅरेथॉन गावापासून सुरू होऊन पानाथेनाइक स्टेडियममध्येच संपल्या.