रुमालाखालचा भाव

मोबाईलवर बोली लावून शेतमाल घेण्या-विकण्याचे आकर्षण नव्या यंत्राचे आहे, असे समजले जाते. सांगलीच्या हळदपेठेचा मागोवा घेताना मला ते फार जुने वाटू लागले. ते समजायला आधी रुमाल समजून घ्यावा लागतो.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा आटपाडीकडच्या खरसुंडीत खिलार जनावरांचा बाजार भरतो. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून ठरणारा व्यवहार ज्याने पाहिला आहे, त्याला ही पद्धत वेगळी सांगायला नको. हात कापडाखाली, चेहरे कोरे. एक बोट धरले की एक, पंजा धरला की पाच. ते शेकडे की हजार, हे दोघांना आधीच ठाऊक. बैलाच्या बाजारात निदान धन्याला स्वतःचा हात घालता येतो. शेतमालाच्या पेठांत मात्र कापडाखाली हात असत ते अडत्याचे आणि खरेदीदाराचे. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून कापडाची हालचाल पाही.

शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात अशा गुप्त व्यवहारांवर अक्षरशः बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. वऱ्हाडात १८९७ मध्येच कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसापुरता आणि १९३९ साली एकूण शेतमालासाठी कायदा आला. पण आपल्याकडे एक गुंता होता. वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. आणि सांगलीची पेठ पटवर्धनांच्या संस्थानात. शेतकऱ्याचा कलेक्टर साताऱ्यात बसे, त्याच्या हळदीचा भाव दुसऱ्याच राज्यात ठरे. इलाख्याचा कायदा संस्थानच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या तारखा आपण प्रशासनाच्या म्हणून वाचतो. माझ्या लेखी त्या बाजाराच्याही आहेत, कारण शेत आणि पेठ एका कायद्याखाली आली ती तेव्हा. राज्याचा सध्याचा बाजार समिती कायदा त्यानंतरचा, १९६३ चा.

उघड्या सौद्याने काय दिले? आवाज. ढिगाभोवती खरेदीदारांचे कोंडाळे, बोली मोठ्याने, आणि शेवटचा आकडा मालकाच्या कानावर. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, मोडतानाचा कट्ट आवाज ऐकून ते किती वाळले आहे ते ताडायचे, हे सगळे त्या गर्दीतच. मे-जूनमध्ये लावलेली हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून यार्डात यायला वर्ष सरत येते आणि तिचा निकाल काही मिनिटांत लागतो. या काही मिनिटांत कोंडाळ्यातल्या चौघांनी एकमेकांकडे पाहून गप्प बसायचे ठरवले, तर उघड्या सौद्याचाही उपयोग संपतो. रुमाल खिशात गेला तरी डोळ्यांची भाषा उरतेच.

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्राने सुरू केलेल्या ई-नामचा दावा नेमका इथे आहे. माल फाटकातून आत येतानाच त्याची नोंद, नमुन्याची तपासणी, पडद्यावर बोली, शेतकऱ्याला मोबाईलवर संदेश. भाव पटला नाही तर नकार देण्याची मुभा. शेजारच्या कर्नाटकात ई-टेंडर त्याआधीच रुळले होते. त्यात दुसऱ्याने किती भरले हे मुदत संपेपर्यंत खरेदीदाराला दिसत नाही. मला यात मोठी गंमत वाटते. आकडा पुन्हा झाकला गेला, पण या वेळी कापड शेतकरी आणि भावाच्या मध्ये नाही, खरेदीदारांच्या आपापसांत आहे.

तरी मार्च २०२४ मध्ये याच कर्नाटकात, ब्याडगीला, मिरचीचे भाव कोसळल्यावर चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयावर चाल केली, वाहने जाळली. बोलीची रीत कितीही चोख असली, तरी ती मागणी निर्माण करत नाही. आणि नकाराची मुभा ज्याला माल घरी परत नेणे परवडते, त्याच्याच कामाची.

पूर्वी या नकाराला जमिनीत जागा होती. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. ठेवणारे पुष्कळदा व्यापारी असले, तरी पेठेजवळ माल थांबवून धरता येई. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी पेवांची मोठी हानी केली. आता त्यांच्या जागी गोदाम आणि शीतगृह. तिथे भाडे महिन्याच्या हिशोबाने चालू राहते.

पडद्यावरच्या बोलीने लांबचा खरेदीदार जवळ येतो हे खरे. पण हळकुंडाचा कट्ट आवाज पडद्यातून जात नाही. म्हणून त्याचा कोणी विश्वासाचा माणूस ढिगापाशी लागतो, आणि तो बहुधा यार्डातलाच असतो. बेदाण्याचे उलट. तासगावच्या सौद्यात बघण्या-चाखण्याच्या नावाखाली मूठमूठ बेदाणा जमिनीवर उधळला जाई, याची शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. नमुना एकदा नीट तपासून बोली पडद्यावर गेली, तर तेवढा तरी पेटीत राहील.

यार्डात शेतकऱ्यांशी बोलताना भावाखालोखाल एकच चौकशी पुन्हा पुन्हा कानावर येते: पट्टी कधी मिळणार? ई-नाममध्ये पैसे थेट बँकखात्यात जमा करण्याची सोय आहे. मी विचारले त्यांतल्या बऱ्याच जणांना बोली तोंडी की मोबाईलवर, याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. खात्यात रक्कम कोणत्या तारखेला पडते, ते मात्र त्यांना तोंडपाठ होते.