मांसात शिरलेला शब्द

'इन्कार्नेशन' म्हटलं की आपल्या मनात लगेच 'अवतार' येतो. पण अवतार म्हणजे खाली उतरणं, आणि या इंग्रजी शब्दात उतरण्याचा मागमूसही नाही. त्यात आहे ते मांस. लॅटिनमध्ये 'कारो' म्हणजे मांस, 'कार्निस' हे त्याचं षष्ठीचं रूप. त्यावरून झालेल्या 'इन्कार्नारे'चा अर्थ मांस धारण करायला लावणं.

'कारो'च्याही मागे गेलं की हाती सुरी लागते. इटलीतल्या गुब्बियो गावी काशाच्या सात पाट्या सापडल्या. त्यांवर उम्ब्रियन भाषेत एका पुरोहितमंडळाचे विधी कोरलेले आहेत. तिथे 'कारु' म्हणजे नुसता 'भाग'. मंडळातल्या बहुसंख्य पुरोहितबंधूंनाही हाच शब्द लावलाय. म्हणजे मांस हा मुळात कापून वाट्याला आलेला तुकडा. कापण्याच्या ज्या प्राचीन धातूतून हा शब्द आला, त्याच कुळात संस्कृत 'कृन्तति' आणि 'कर्तरी' आहेत. आपली कात्री ती याच घरची.

बाजारात विकलं जाणारं मांसही 'कारो'च. असा शब्द देवाला लावायला, ख्रिस्ताच्या रूपात देवाने मांस धारण केलं असं म्हणायला, धाडस हवं होतं. ख्रिस्त खरोखर जन्मलाच नाही, लोकांना दिसला तो देहाचा आभास, असं मार्कियन नावाचा ख्रिस्ती उपदेशक सांगून गेला होता. त्याला कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ताच्या मांसावर अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिलं. गर्भातलं रक्त, घाण, बाळाला गुंडाळायची फडकी, काही म्हणजे काही त्याने वगळलं नाही. या सगळ्याची लाज वाटत असेल तर माणसावर प्रेम कसलं करता, हा त्याचा रोख मला आजही फार मोलाचा वाटतो. पुढे 325 मध्ये निकेआच्या धर्मसभेने श्रद्धेची कबुली ग्रीकमध्ये शब्दबद्ध केली, तीतही मांसवाचक क्रियापदच आहे. लॅटिनमध्ये त्याचं 'इन्कार्नातुस' झालं. 1300च्या आसपास फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत पोचला.

तिथे तो देवळात बसून राहिला नाही. जखम भरून येताना तळाशी लालसर, दाणेदार नवं मांस धरतं, त्यालाही जुने इंग्रज शल्यवैद्य 'इन्कार्नेशन' म्हणत. ते धरावं म्हणून लावायच्या औषधांना 'इन्कार्नेटिव्ह' असं नाव होतं. मांसात रुतलेल्या नखाला फ्रेंच लोक अजूनही 'इन्कार्नेट' झालेलं नख म्हणतात.

मांसापाठोपाठ मांसाचा रंग आला. 'इन्कार्नाडाइन' हा आधी फिकट गुलाबी, अंगकांतीचा रंग. शेक्सपिअरने 'मॅकबेथ'मध्ये त्याचं क्रियापद केलं आणि खुन्याच्या हाताने समुद्र लाल होईल असं त्याच्या तोंडी घातलं. तेव्हापासून इंग्रजीत तो रंग रक्ताचा झाला. पोर्तुगीजमध्ये तर 'एन्कार्नादो' म्हणजे सरळ लाल.

पण या शब्दाचं सगळ्यांत देखणं आयुष्य स्पेनमध्ये गेलं, सेव्हिलच्या मूर्तिशाळांत. लाकडी मूर्तीच्या उघड्या अंगाला त्वचेचा रंग चढवण्याच्या कामाचं नावच 'एन्कार्नासिओन'. आधी सरस आणि जिप्समच्या लेपाचे थर, ते घासून गुळगुळीत करायचे, मग तैलरंग. एक पद्धत चकाकीची, दुसरी मंद कांतीची. चकाकी प्रकाश परतवते आणि चेहरा चिनीमातीचा दिसू लागतो, म्हणून चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको मंद कांतीचा आग्रह धरी. हुआन मार्तिनेस मोन्तान्येसने कोरलेल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताला त्यानेच अंग दिलं. हे काम चित्रकारांच्या संघाचं. शिल्पकाराने कोरायचं आणि थांबायचं. मोन्तान्येसने पुढे सांता क्लारा मठाच्या वेदीचं कोरीवकाम आणि रंगकाम दोन्ही एकहाती अंगावर घेतलं, तेव्हा 1622 मध्ये पाचेकोने त्याच्याविरुद्ध पत्रक छापलं. लाकडाला त्वचा देणं हा चित्रकाराचाच अधिकार, हे त्याचं म्हणणं होतं.