ब्राउझर : गती, सुरक्षितता व खासगीपणा

ब्राउझर : महाजालावरील दूरस्थ संगणकांत साठविलेली पृष्ठे मागवून घेणारी व त्यांतील सांकेतिक मजकुराचा अर्थ लावून ती वाचकाच्या पडद्यावर मांडणारी आज्ञावली. मराठीत तिला ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द सुचविला गेला असला, तरी व्यवहारात ब्राउझर हाच शब्द रूढ झाला आहे. निरनिराळ्या ब्राउझरांची तुलना करण्याची प्रथा या आज्ञावलीइतकीच जुनी आहे. तथापि तुलनेच्या कसोट्या बदलत गेल्या. प्रथम चित्रे दाखविता येतात की नाही हे पाहिले जाई, पुढे गतीला महत्त्व आले, नंतर सुरक्षिततेला आणि अखेरीस खासगीपणाला. मराठी वाचकापुढे या सर्वांच्या आधी आणखी एक कसोटी होती, ती म्हणजे देवनागरी अक्षरे धडपणे उमटतात की नाही. सर्व कसोट्यांना एकाच वेळी उतरणारा ब्राउझर क्वचितच आढळतो. एका बाबतीतील लाभाची किंमत बहुधा दुसऱ्या बाबतीत मोजावी लागली आहे.

पहिला ब्राउझर ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस तयार केला. तो वाचनाबरोबर लेखनाचेही साधन होता. सर्वसामान्यांचे लक्ष महाजालाकडे वेधले ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी रचलेल्या मोझेइक या ब्राउझरने (१९९३). मजकुराच्या ओघातच चित्रे दाखविणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. अँड्रीसन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीचा नेटस्केप नॅव्हिगेटर १९९४ मध्ये आला.

भारतात आंतरजालाची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगम लिमिटेड या शासकीय कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. कंपनीचे मुख्यालय मुंबईत होते. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारा मिळणारी आरंभीची गती सेकंदाला सु. ९,६०० बिट एवढीच असे. स्वस्त वर्गणीत केवळ मजकूर दाखविणारे खाते मिळे व ते वापरणाऱ्यांना कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला लिंक्स हा चित्ररहित ब्राउझर पुरत असे. तारच मंद असल्याने कोणता ब्राउझर वेगवान हा प्रश्न तेव्हा फारसा उद्भवत नव्हता.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला आणि पुढे तो विंडोज प्रणालीबरोबर विनामूल्य दिला. नेटस्केपची पीछेहाट झाली. या व्यवहारावर अमेरिकी शासनाने १९९८ मध्ये मक्तेदारीविरोधी खटला भरला व त्यात २००१ मध्ये तडजोड झाली. स्पर्धा संपल्यावर विजेत्याची प्रगती थांबते, याचे इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती हे ठळक उदाहरण आहे. ती २००१ मध्ये आली आणि सातवी आवृत्ती येण्यास २००६ साल उजाडले. मधल्या काळात तिच्यातील छिद्रांवाटे घातक आज्ञावल्यांचा सुळसुळाट झाला. भारतातील अनेक शासकीय संकेतस्थळांवर मात्र ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल’ अशी सूचना त्यानंतरही कित्येक वर्षे कायम होती. शेवटी मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२ मध्ये या ब्राउझरला निवृत्त केले.

देवनागरीचा प्रश्न : मराठीपुरता हा प्रश्न टंकलेखन यंत्रापासून सुरू होतो. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइस या उद्योगसंस्थेने १९५५ मध्ये भारतीय बनावटीच्या टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू केले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाल्यानंतर शासकीय कचेऱ्यांत मराठी टंकलेखनाला महत्त्व आले आणि देवनागरी यंत्रावर हात बसलेल्या लेखनिकांची एक पिढी तयार झाली. संगणक आले तेव्हा या पिढीच्या सोयीसाठी अनेक टंक यंत्राच्याच कळक्रमाने रचले गेले. यंत्रावर जशी अर्धी अक्षरे, काने व मात्रा सुटे तुकडे म्हणून असत, तसेच ते या टंकांतही इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविले होते. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही समान संकेतप्रणाली मान्य केली होती व त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरीला स्थान मिळाले. परंतु प्रत्यक्षात प्रत्येक टंकनिर्मात्याचा संकेत निराळा राहिला.

परिणामी मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचण्यापूर्वी वाचकाला त्या पत्राचा टंक आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे. तसे न केल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच पडे. यावर उपाय म्हणून पृष्ठाबरोबरच टंक पाठविण्याची पद्धत १९९७ च्या सुमारास निघाली, पण नेटस्केपची रीत वेगळी व इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली. तिच्यासाठी ‘मंगल’ हा टंक कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. लिनक्स प्रणालीवरील फायरफॉक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटत व ऱ्हस्व इकार भलत्या जागी पडे. तुलनेची वृत्तपत्रीय कोष्टके इंग्रजी पृष्ठांवरून तयार होत असल्याने हा दोष त्यांत कधी नोंदला गेला नाही. मराठी वाचकाने ज्या ब्राउझरला वाईट ठरविले, तो त्या कोष्टकांत पहिलाही असू शके.

गती : नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये आपली मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. त्यातून उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पाचा फायरफॉक्स नोव्हेंबर २००४ मध्ये आला. ॲपलचा सफारी २००३ चा, तर गुगलचा क्रोम सप्टेंबर २००८ चा. पृष्ठांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ओळीओळीने वाचण्याऐवजी तिचे तत्क्षणी यंत्रभाषेत रूपांतर करणे हे क्रोमच्या वेगाचे मुख्य कारण होते. ही युक्ती सर्वांनी उचलली. गतिमापनाच्या चाचण्याही निघाल्या, परंतु त्या बहुधा स्पर्धकांनीच तयार केल्या होत्या. सनस्पायडर (२००७) सफारीच्या गोटातील, क्रॅकेन (२०१०) मोझिलाची, ऑक्टेन (२०१२) गुगलची. ब्राउझरकर्ते प्रत्यक्ष वापरापेक्षा चाचणीत गुण मिळविण्यासाठीच आज्ञावली घासूनपुसून देऊ लागले, असे कारण देऊन गुगलने २०१७ मध्ये ऑक्टेन मागे घेतली. स्पीडोमीटर या चाचणीची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये ॲपल, गुगल व मोझिला यांनी मिळून प्रसिद्ध केली. या वेगाला दुसरी बाजूही आहे. तत्क्षणी रूपांतर करणारा भाग गुंतागुंतीचा असल्याने घुसखोरांना तेथे वाट सापडते. म्हणूनच ॲपलने २०२२ मध्ये विशेष धोका असलेल्या व्यक्तींसाठी दिलेल्या लॉकडाउन स्थितीत हा भाग बंदच ठेवला आहे.

भारतातील बहुसंख्य लोकांची गतीशी गाठ पडली ती मोबाइलवर. ऑपेरा या नॉर्वेजियन कंपनीचा ऑपेरा मिनी २००६ पासून सर्वत्र मिळू लागला. तो पृष्ठ थेट न आणता कंपनीच्या संगणकावर मागवी, तेथे दाबून लहान करी व मग दूरध्वनीकडे पाठवी. त्यामुळे साध्या दूरध्वनीवर, अल्प खर्चात आंतरजाल वापरता आले. त्याच्या मांडणीत एक आडबाजूची सोय होती: जटिल लिप्यांतील मजकूर कंपनीच्याच संगणकावर चित्ररूप करून पाठविण्याची. दूरध्वनीत देवनागरी टंक नसताना मराठी वाचण्याचा हा मार्ग जाणकारांनी एकमेकांना सांगितला व तो बराच पसरला. पण याच रचनेत, एरवी सुरक्षित समजले जाणारे सांकेतिक संदेशवहनही मधल्या संगणकावर उलगडले जाई. वाचकाला मराठी अक्षरे मिळाली ती त्रयस्थाच्या डोळ्यांखालून.

यूसी या चिनी ब्राउझरने हीच वाट अधिक पुढे नेली. २०१५–१६ च्या सुमारास भारतातील मोबाइलवर तो सर्वाधिक वापरला जाई. टोराँटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधनगटाने मे २०१५ मध्ये, हा ब्राउझर वापरणाऱ्याचे शोधशब्द व अन्य माहिती पुरेशा संरक्षणाविना पाठवितो, असे दाखवून दिले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ उपयोजनांत त्याचा समावेश होता.

सुरक्षितता व खासगीपणा यांतील भेद : हे दोन शब्द नेहमी जोडीने येत असल्याने एकाच अर्थाचे मानले जातात, ते बरोबर नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१–५२) विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. पेटी फोडता येऊ नये म्हणून तिच्या आतच कुलुपाची योजना होती. ही झाली सुरक्षितता. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व मतदार पडद्याआड जाऊन मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. कोणाला मत दिले हे लपवीत असे तो पडदा. हा खासगीपणा होय. कुलूप भक्कम असूनही पडदा नसणे शक्य आहे. अनेक ब्राउझरांची स्थिती तशीच आहे.

कुलुपाच्या बाबतीत क्रोमने मोठी मजल मारली. प्रत्येक पृष्ठ वेगळ्या कोंडीत चालविण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे एका पृष्ठातील दुष्ट आज्ञावलीला बाकीच्या संगणकाला हात लावणे अवघड झाले. कॅनडातील पॉन-टू-ओन या घुसखोरीच्या स्पर्धेत २००९ ते २०११ अशी तीन वर्षे तो अभेद्य राहिला. २०१२ मध्ये तोही भेदला गेला. प्रक्रियकांतील स्पेक्टर हा दोष उघड झाल्यावर २०१८ मध्ये क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र कोंडी दिली, तेव्हा स्मृतीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढला.

पडद्याबाबत मात्र क्रोमची गती मंद राहिली. त्याचे कारण तांत्रिक नसून आर्थिक आहे, कारण गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे. वाचकाची ओळख ठेवणारी ‘कुकी’ ही छोटी नोंद नेटस्केपचे लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कल्पिली. पुढे जाहिरातदारांनी तिच्या आधारे एका स्थळावरून दुसऱ्या स्थळावर वाचकाचा माग काढला. सफारीने २०२० मध्ये अशा परस्थ कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून ज्ञात माग काढणाऱ्यांना आपोआप रोखले व २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकी वेगळ्या ठेवल्या. गुगलने २०२० मध्ये, दोन वर्षांत आपणही त्या बंद करू, असे जाहीर केले, मुदती वाढविल्या व २०२४ मध्ये तो बेत सोडला. कुकी नसतानाही पडद्याचा आकार, टंकांची यादी इत्यादींवरून ब्राउझर ओळखता येतो. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३·६ टक्के अशा रीतीने एकमेवाद्वितीय ठरले. मराठी टंक मुद्दाम बसविलेला संगणक या हिशेबाने अधिकच उठून दिसणार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील डग्लस लीथ यांनी २०२० मध्ये सहा ब्राउझर आपापल्या कंपनीकडे काय पाठवितात हे तपासले. ब्रेव्ह सर्वांत मितभाषी, क्रोम, फायरफॉक्स व सफारी मधले, तर एज व यांडेक्स सर्वाधिक बोलके आढळले. टॉर ब्राउझर तीन टप्प्यांनी संदेश फिरवून वाचकाचा ठाव लपवितो, परंतु तो लक्षणीय मंद आहे.

खासगी खिडकीविषयीचा गैरसमज येथे नोंदविला पाहिजे. ती त्याच संगणकावर नंतर बसणाऱ्यापासून इतिहास लपविते, बाहेरच्यांपासून नव्हे. मुंबईच्या उपनगरांतील सायबर कॅफेंत एकेक संगणक दिवसभरात अनेकांच्या हातांतून जाई, तेथे तिचा उपयोग खरा होता. पण सायबर कॅफेंसाठी केंद्र शासनाने २०११ मध्ये केलेल्या नियमांनी, पाहिलेल्या स्थळांची नोंद एक वर्ष जपण्याचे दायित्व चालकावर टाकले.

विश्वासाचा प्रश्न : संकेतस्थळ खरे की तोतया हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवितो, आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा याची यादी त्याच्यापाशी असते. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावे गुगलच्या स्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. या केंद्राला भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचा आधार होता व नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यामुळे विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोररसह त्या यादीवर विसंबणाऱ्या आज्ञावल्यांना धोका पोहोचला. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती आणि तीत हे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून तो निर्वेध राहिला. नियंत्रकाने संबंधित प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली. गुगलने त्यानंतर भारतीय नियंत्रकावरील विश्वास शासकीय, शैक्षणिक व काही मोजक्या स्थळांपुरता मर्यादित केला. कोणत्याही गतिचाचणीत न दिसणारी ही यादीच त्या आठवड्यात निर्णायक ठरली.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली. भारतीय भाषांची सोय व खासगीपणाचे रक्षण यांबरोबरच, भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राचा समावेश असलेली स्वतंत्र विश्वासयादी ही तिची एक अट होती. अशी यादी नागरिकाला परदेशी कंपनीच्या मर्जीतून सोडविते. त्याच वेळी संदेश उलगडण्याची शक्यता देशी यंत्रणेच्या हाती देते. हा पेच स्पर्धेच्या निकषांनी सुटण्याजोगा नाही. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या उला या ब्राउझरला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. उलाही क्रोमियम या गुगलप्रणीत मुक्त आज्ञावलीवरच उभा आहे. एज (२०२० पासून), ब्रेव्ह व ऑपेरा यांचाही पाया तोच आहे. निराळ्या पायावर उभे असलेले प्रमुख ब्राउझर सफारी व फायरफॉक्स एवढेच उरले असून, त्यांपैकी फायरफॉक्सचा खर्च मुख्यत्वे गुगलकडून मिळणाऱ्या रकमेतून चालतो.