दूरचित्रवाणी-खेळांतील शर्यत : टिकाव आणि मोडतोड

विदर्भातील शंकरपटात बैलजोडीची परीक्षा काही सेकंदांतच आटोपते. दीर्घ शर्यतीत मात्र वेगाइतकाच टिकाव महत्त्वाचा असतो. आणि टिकाव म्हटला की झीज व मोडतोड ओघानेच येते. दूरचित्रवाणी-खेळांच्या इतिहासात मात्र ही दोन तत्त्वे दीर्घकाळ विभक्त राहिलेली दिसतात.

ॲक्टिव्हिजनने १९८३ साली अटारी २६०० या यंत्रासाठी काढलेल्या ‘एन्ड्युरो’त पहिल्या दिवशी २०० व पुढे दररोज ३०० गाड्या मागे टाकाव्या लागत. वाटेत बर्फ, धुके व रात्र. परंतु टक्कर झाल्यास केवळ वेग घटे, गाडी अभंग राही. या यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती, हे खरे. तथापि त्याच यंत्रावरील १९८२ च्या ‘रिव्हर रेड’मध्ये घटत्या इंधनाची नोंद ठेवली जात होती. तेव्हा हानीची मोजदादही अशक्य नव्हती.

१९९५ च्या ‘डिस्ट्रक्शन डर्बी’त पत्रा चेपे व गाडीची चालही बिघडे. उलट, त्याच प्लेस्टेशनवरील १९९७ च्या ‘ग्रान तुरिस्मो’त ३०० किलोमीटरांची शर्यत असूनही गाडीवर ओरखडा उमटत नसे. सबब, हा विभाग केवळ यंत्राच्या मर्यादेने झाला असे म्हणता येत नाही. शर्यतीविषयीच्या रचनाकारांच्या कल्पनेचाही त्यात मोठा वाटा होता.