चार हजार वॅट कुठे गेले?

सांगलीत माझ्या मामाचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीट कव्हर, काळ्या फिल्म, हॉर्न, स्पीकर, ॲम्प. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीत तिकडे गेलो होतो. एक वडापवाला जीपचालक ॲम्प परत घेऊन आला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘4000 वॅट’ असं छापलेलं होतं. चार हजार वॅटचा आवाज काही ऐकू येईना, म्हणून त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, आणि वूफरची कॉइल जळाली होती.

मामानं नवा वूफर स्वतःच्या पदरचा दिला. माणूस गेल्यावर ॲम्प माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “तू इंजिनिअर होणार ना? बघ जरा, ह्यात चार हजार आहेत का.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून 4 ओहमचे दोन जाड रेझिस्टर मिळाले. स्पीकरच्या जागी ते लावायचे, म्हणजे आवाज होत नाही, फक्त उष्णता होते. मित्राच्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं, टर्मिनलवर 13.8 व्होल्ट होते. 1 किलोहर्ट्‌झची साइन लहर आत सोडली आणि ऑसिलोस्कोपवर नजर ठेवून व्हॉल्यूम वाढवत गेलो. एका टप्प्यावर लहरीचा गोल माथा सपाट व्हायला लागला. तिथून जरासं मागे आलो. मीटरवर 19.6 व्होल्ट. वर्ग केला, 4 नं भागलं: 96 वॅट. दोन चॅनेलचे मिळून 192.

खरं तर मोजायचीही गरज नव्हती. ॲम्पच्या पाठीला 25 अँपियरचा फ्यूज होता. 25 गुणिले 14.4 व्होल्ट म्हणजे 360 वॅट. एवढीच वीज सलग आत जाऊ शकते; बाहेर त्याहून जास्त येणार कुठून? चार हजार वॅटसाठी, एक वॅटही वाया न घालवता, जवळजवळ 278 अँपियर लागले असते. छोट्या गाडीचा अल्टरनेटर शंभरही देत नाही.

मग चार हजार हा आकडा आला कुठून? मला वाटलं होतं, कुणीतरी सरळ थाप मारली असेल. पण शोधत गेलो तेव्हा कळलं की ही थाप पायरीपायरीनं वाढत आली आहे, आणि पहिली पायरी बरीचशी प्रामाणिक होती.

शक्तीचा आकडा सांगून यंत्र विकण्याची रीत स्वतः जेम्स वॅटचीच. घोड्यांवर चक्की चालवणाऱ्यांना वाफेचं इंजिन विकायचं, तर किती घोड्यांचं काम होईल ते सांगायला हवं. त्यानं एक अश्वशक्ती ठरवली: मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट वर उचलणं. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला हे झेपत नाही. म्हणजे वॅटनं घोडा मोठा धरला, त्यामुळे इंजिनाचा आकडा लहान झाला आणि गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा जास्तच मिळालं. पुढे 1882 मध्ये विल्यम सीमेन्सनं शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. खोक्यावर जे नाव छापून आपल्याला फसवतात, त्या नावाचा माणूस उलट्या बाजूनं चुकला होता.

आता अमेरिकेत येऊ. तिथल्या हाय-फाय उद्योगानं ‘म्युझिक पॉवर’ नावाचं माप रूढ केलं. त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता. संगीत सलग एका पट्टीत वाजत नाही. ढोलाचा ठोका क्षणभर येतो आणि जातो. तेवढ्यात ॲम्पच्या वीजपुरवठ्याचा दाब खाली येत नाही. मग दाब स्थिर धरून मोजू या, असं ठरलं.

पुढच्या पायऱ्या विक्री विभागानं चढल्या. साइन लहरीच्या टोकाला तात्कालिक शक्ती सरासरीच्या दुप्पट असते, म्हणून दुप्पट लिहा. स्टिरिओला दोन चॅनेल, म्हणून बेरीज लिहा. वर ‘±1 डेसिबल’ अशी सवलत घ्या, म्हणजे आणखी 26 टक्के. उदाहरणार्थ, एका चॅनेलला खरे 20 वॅट. म्युझिक पॉवर 25 धरू. टोकाची 50. दोन चॅनेल मिळून 100. सवलतीसह 126. प्रत्येक पायरीला काहीतरी तांत्रिक सबब आहे, आणि शेवटी आकडा सहापट झालेला आहे. आपल्याकडे टू-इन-वन आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर जे ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असायचं, ते याच वंशातलं. फरक एवढाच, की त्यात सबबसुद्धा उरली नव्हती.

1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याला आळा घातला. शक्तीचा आकडा छापायचा तर ती सलग आणि सरासरी हवी; किती ओहमवर, कोणत्या वारंवारितांमध्ये आणि किती विकृतीसह, हेही सांगायचं. शिवाय मोजण्याआधी ॲम्प एक तास एक तृतीयांश शक्तीवर चालवायचा. ही अट सौम्य वाटते, पण क्लास एबी प्रकारचा ॲम्प पूर्ण शक्तीपेक्षा मधल्याच पट्ट्यात जास्त तापतो. म्हणून कंपन्या कुरकुरल्या. 2000 मध्ये ही अट एक अष्टमांशावर आली.

पण नियमाच्या नावातच एक फट होती. तो ‘घरगुती मनोरंजनाच्या’ उपकरणांसाठी होता. गाडी म्हणजे घर नव्हे. घरातून हाकललेले आकडे गाडीत जाऊन बसले.

गाडीत तर अडचण मुळातच आहे. बॅटरी 12 व्होल्टची, इंजिन चालू असताना 14.4. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओत दाब वाढवणारं कन्व्हर्टर नसतं. दोन टोकांनी ओढून-ढकलूनही 4 ओहमच्या स्पीकरवर साइन लहरीचे जास्तीत जास्त 26 वॅट निघतात, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. मग त्यावर ‘50 वॅट × 4’ कसं लिहिलेलं असतं? 14.4 चा वर्ग भागिले 4: 51.84. लहर पूर्ण चौकोनी होईपर्यंत पिळली, की एवढी शक्ती निघते. आकडा खोटा नाही, पण तो संगीताचा नाही. वडापवाल्याचा वूफर याच चौकोनी लहरीनं भाजला होता.

गंमत अशी, की अमेरिकेतच काही ॲम्प उलटे खोटं बोलत. तिथल्या कार ऑडिओ स्पर्धांमध्ये जाहीर केलेल्या वॅटनुसार गट पडायचे. मग ओरायनच्या 225 एचसीसीए या ॲम्पवर 4 ओहमला चॅनेलमागे फक्त 25 वॅट छापलेले. पण तो फार कमी ओहमवर चालेल असा बांधलेला होता. ओहम निम्मे केले की शक्ती कागदावर दुप्पट: 25, 50, 100, 200. लहान गटात नाव नोंदवायचं आणि मोठ्यांचा आवाज काढायचा. अशांना तिकडे ‘चीटर ॲम्प’ म्हणत. विकायचं असेल तर आकडा फुगतो, गटात बसायचं असेल तर आकसतो.

गाडीच्या ॲम्पला स्वतःचं माप 2003 मध्ये मिळालं, सीईए-2006 या मानकानं: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, विकृती आणि खरखर मिळून 1 टक्क्याच्या आत. मी कॉलेजात जे केलं ते हेच, फक्त गावठी पद्धतीनं; माझ्याकडे व्होल्ट कमी होते, आणि लहर बिघडलेली डोळ्यांना दिसते तोवर विकृती 1 टक्का ओलांडून गेलेली असते. म्हणजे माझे 96 ही अंदाजाचेच. पण हे मानक ऐच्छिक आहे. ज्याला खरं सांगायचं आहे, तो त्याप्रमाणे मोजतो.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘40 टक्क्यांपर्यंत वेगवान’ अशी वाक्यं लिहिली जातात. त्यातला ‘पर्यंत’ कुठून येतो हे मला ठाऊक आहे, कारण एकदा तो मीच शोधून दिला होता: दहा चाचण्यांतली एक. बाकी नऊ कुणी विचारल्या नाहीत, आणि मीही सांगितल्या नाहीत.

त्या दिवाळीनंतर मामाला फोन करून 192 चा आकडा सांगितला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “एवढंच लिहिलं असतं तरी मी ते विकलं असतं रे.” दुकानात आजही चार हजारवाली खोकी आहेत, ती नसली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पण खोकं काउंटरवर आलं की मामा ॲम्प पालथा करतो, फ्यूज दाखवतो, आणि पेन्सिलनं बिलाच्या मागे गुणाकार करून देतो.