चितमपल्ली, मारुती
(५ नोव्हेंबर १९३२–१८ जून २०२५). वनाधिकारी व निसर्गलेखक. जन्म व मृत्यू सोलापूर. कोइमतूरला वनप्रशिक्षण घेऊन त्यांनी कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे सेवा केली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’, ‘पक्षिकोश’ ही प्रमुख पुस्तके. त्यांच्या लेखनात लोकश्रुती आणि निरीक्षण यांची सरमिसळ होते, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे; लोकसमजुती तपासूनच घ्याव्यात. पण पाणपक्ष्यांची वीण किंवा पहिल्या पावसात माशांचे चढणे सर्वांआधी दिसते ते तळ्याकाठच्या ढिवर मासेमाराला. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांचे असे ज्ञान त्यांनी कागदावर आणले. एरवी ते त्या जाणकारांबरोबरच संपले असते. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; २०२५ मध्ये पद्मश्री.